गोळ्या गरम पडल्या म्हणणाऱ्या रुग्णाविषयी

चि. मृणाल,


गडचिरोलीत रुजू होताच कुष्ठरोगाचे रुग्ण हाती आले, हे पत्रातून कळलं. एमडीटीचं, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्रित औषधांचं, पाकीट देणं सोपं. खरी कसोटी नंतर लागते.

औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी एखादा परत येईल. जुने चट्टे लालभडक सुजलेले, कोपरामागची नस ठणकतेय. म्हणेल, "गोळ्या गरम पडल्या, म्हणून बंद केल्या." त्याच्यावर चिडू नकोस. त्याच्या जागी कोणालाही तसंच वाटेल. एमडीटीतल्या रिफाम्पिसिनने जंतू झपाट्याने मरतात, पण त्यांचे अवशेष कातडीत आणि नसांत फार दिवस रेंगाळतात. प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि मार नस खाते; हीच रिॲक्शन. काहींना निराळीच रिॲक्शन येते: ताप, सांधेदुखी, अंगावर लाल दुखऱ्या गाठी. अशा वेळी डोळेही पाहा, तेही लाल होऊन दुखू लागतात.

औषधानंतरची रिॲक्शन इतर रोगांतही दिसते: लेप्टोस्पायरोसिसच्या एखाद्या रुग्णाला पेनिसिलिननंतर काही तासांत हुडहुडी भरते आणि साधारण दिवसभरात ओसरते. कुष्ठरोगात तसा भरवसा नाही. नसेची सूज रेंगाळली तर बोटं वाकडी होतात, पाऊल लटकतं, पापणी मिटत नाही. विकृती येते ती बहुधा अशी, आणि लोक दोष देतात गोळ्यांना.

म्हणून एमडीटी थांबवायची नाही. नसेला सूज असेल तर प्रेडनिसोलोन लगेच, तेही काही महिने हळूहळू कमी करत. आठवडाभर देऊन बंद केलंस तर दुखणं उलटतं. नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर शक्ती परतण्याची आशा असते; जुनी झाली की फारसं हाती लागत नाही. कधी कधी नस न दुखताच निकामी होते, तेव्हा रुग्णाच्या तक्रारीची वाट पाहू नकोस. दर भेटीत बॉलपेनच्या टोकाने तळहात-तळपाय तपास, करंगळी ताणून धरायला सांग. ओपीडीत गर्दी आहे ही सबब मला सांगू नकोस, दोन मिनिटांचं काम आहे.

कोर्स संपल्यावरही रिॲक्शन येऊ शकते. रोग उलटला असं समजून घाईने पुन्हा पाकीट हातात ठेवू नकोस.

पुढच्या रुग्णाला पहिलं पाकीट देतानाच हे सगळं सांग, आणि घरातलं एखादं माणूस समोर बसवून सांग.

तुझा,
अण्णामामा