जुन्या गाडीचे पासिंग आणि मॉडेलचे नाव

कोकणातील आपले अनेक बंधू इंग्लंडात स्थायिक आहेत. तेथे गाडी ३ वर्षांची झाली की दरसाल 'एम.ओ.टी.' तपासणी होते. कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या पास झाल्या, ते आकडे सरकार जाहीर करते. पण ४ वर्षांच्या व १२ वर्षांच्या गाड्यांची बरोबरी म्हणजे कोरा तागा आणि धुतलेले कापड एका भावाने मोजणे! दिवा गेला, टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली, तरी गाडी नापास. हा दोष मालकाचा. शिवाय इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची हालत या तपासणीत पाहतच नाहीत. मोठा खर्च तर तेथेच. म्हणून आम्ही म्हणतो, मॉडेलच्या टक्क्यापेक्षा त्याच गाडीचे मागील निकाल पाहावेत. नंबरावरून ते फुकट मिळतात, त्यात मैलही नोंदलेले असतात. काटा मागे फिरवला असेल तर तेथे कळते.