रिपोर्टात गाव नव्हतं

दार्जिलिंग म्हणून घेतलेल्या दहा पेट्या चहाचा लॅब रिपोर्ट मी गल्ल्यामागं फ्रेम करून लावला होता. ओलावा, एकूण राख, पाण्यात उतरणारा अंश, सगळ्या ओळींपुढं ‘योग्य’. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेलं एक गिऱ्हाईक चष्मा कपाळावर चढवून तो वाचत राहिलं.

“मालक, यात दार्जिलिंग कुठंय?”

खरंच नव्हतं. राख ४ ते ८ टक्क्यांत बसली की आसामचा चहाही पास आणि निलगिरीचाही. माझे पैसे गेले ते चुकीचा प्रश्न विचारल्यामुळं.

मळा ओळखायची तपासणी वेगळी असते, हे सरांकडून कळलं. चहाचं झाड मातीतून रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, मँगनीज उचलतं. माती बदलली की प्रमाण बदलतं. पाऊसही खूण ठेवतो. ढग डोंगर चढताना जड ऑक्सिजनचा जास्त वाटा खालीच सांडून जातो, म्हणून उंचावरचं पाणी हलकं, आणि पानही त्याच पाण्यावर वाढलेलं. पण खात्रीच्या मळ्यांतून, त्याच हंगामात खुडलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी लॅबला विचारा: तुमच्याकडं कुठल्या मळ्यांचे नमुने आहेत, आणि ते आणले कुठून? बाजारातल्या पाकिटांवरून ‘अस्सल’ ठरवलं असेल, तर उठून या.

दुसऱ्या खेपेला मी आणखी एक शहाणपणा केला. एकाच पेटीतला वरचा मूठभर चहा घेतला आणि घरच्या मिक्सरमधून काढून पाठवला. स्टीलच्या पात्यातून लोखंड, क्रोमियम, निकेल चहात उतरतं. नमुना परत मागवला गेला. मग दहाही पेट्यांतून, वरून, मधून, तळातून थोडा थोडा काढला, एकत्र केला, न दळता सीलबंद दिला आणि तसाच एक पुडा स्वतःकडं ठेवला.

उत्तर आलं: दार्जिलिंगशी जुळतो, पण शेजारचा प्रदेश नाकारता येत नाही. शेजार म्हणजे नेपाळचं इलाम. मधे फक्त सरहद्द. डोंगर तेच, ढग तेच. त्यात दोन्हीकडचा माल मिसळला असेल तर विचारूच नका.

तेव्हा कागद आधी, लॅब नंतर. दार्जिलिंगची जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणी २००४ ची आहे, मळे ८७. पेटीवर मळ्याचं नाव आणि बीजक क्रमांक असतो, तो बिलाशी जुळवून घ्या. ज्या व्यापाऱ्याकडून पेट्या घेतल्या त्याला मी हे मागितलं, तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

त्या दहा पेट्या मी ‘डोंगरी चहा’ म्हणून कमी भावात काढल्या. सर त्यातलाच पाव किलो नेतात. चव चांगली आहे म्हणतात.