लाल बटणाच्या अलीकडे

एकाच दिशेने निघालेल्या अनोळखी प्रवाशांनी एक गाडी आणि तिचे भाडे वाटून घ्यायचे, या राइड शेअरिंगच्या पद्धतीसाठी स्त्रियांची सुरक्षितता डोळ्यांसमोर ठेवून ॲप रचू पाहणाऱ्यांच्या पहिल्या आराखड्यात बहुधा मदत मागण्याचे मोठे लाल बटण असते. मात्र ते दाबणारी व्यक्ती जागी आहे, तिचे हात मोकळे आहेत आणि फोन तिच्याजवळच आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीतील प्रवासी स्त्रीला वाटेत झोप लागली होती, आणि तिच्यावर अत्याचार करणाऱ्या चालकाचा पोलिसी चारित्र्यदाखला बनावट असल्याचे नंतर उघड झाले. म्हणून दाखला चालकाच्या हातून न घेता तो देणाऱ्या कार्यालयाकडूनच पडताळून घ्यावा. तेवढ्यानेही भागत नाही, कारण २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओ कर्मचारी तरुणीचा खून करणारा चालक कंपनीच्या कंत्राटी गाडीवरचाच होता.

प्रवासी स्त्रीने काहीही न करता धोका ओळखणारी व्यवस्था, म्हणजे गाडी ठरलेली वाट सोडताच नियंत्रण कक्षाला सूचना देणारी यंत्रणा, अधिक उपयोगी ठरते; परंतु पुण्यात विसर्जनाच्या दिवशी वा मुंबईत पाणी तुंबल्यावर जवळजवळ प्रत्येक गाडी वाट बदलते, आणि अशा खोट्या इशाऱ्यांना सरावलेला कर्मचारी खरा इशाराही सवयीने मिटवून टाकतो. त्यामुळे वाट बदलणे, निर्जन जागी थांबणे आणि स्थान कळवणे बंद होणे यांचा एकत्रित विचार करून इशारा द्यावा. घाटात नेटवर्क जाते हे धरून शेवटचे ज्ञात स्थान सर्व्हरवर जपावे, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारे माणूस नेमावे. ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडून दिले की जबाबदारी संपली, ही समजूत कंपनीला सोयीची असते, एवढेच.

वाटून घेतलेल्या गाडीत सहप्रवाशाचाही विचार करावा लागतो, कारण स्त्री कोणत्या फाटकापाशी उतरते हे तो पाहतो, आणि पूर्ण नाव पडद्यावर दिसले तर पुढचा शोध त्याला फारसा अवघड जात नाही. क्रमांक झाकणे, म्हणजे मधल्या क्रमांकातून बोलणे जोडून खरे क्रमांक दोघांपासूनही लपवणे, हे तर हवेच; शिवाय घरापासून थोडे अलीकडे, पण उजेडाच्या आणि वर्दळीच्या ठिकाणी उतरण्याची मुभा असावी. तक्रारवजा गुणांकन सहप्रवाशाला लगेच दाखवू नये. ज्याला घर माहीत झाले आहे, त्याच्याविरुद्ध कोण मोकळेपणाने लिहील?

केवळ स्त्री चालकांचा पर्याय आकर्षक असला, तरी रात्री अशा गाड्या कमी असतील तर प्रवासी रस्त्यावरच ताटकळते, म्हणून अपेक्षित प्रतीक्षेची वेळ मागणी नोंदवण्यापूर्वीच खरी सांगावी. आणि त्या चालक स्त्रीलाही अनोळखी प्रवासी नाकारण्याचा हक्क, उत्पन्न न कापता, द्यावा.