शेजारची गाडी हलली की आपली?

प्रश्न : भुसावळ जंक्शनवर आमची गाडी उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी हळूच निघाली की आपलीच गाडी सुटली असं वाटतं. तिचा शेवटचा डबा सरकून गेला की कळतं, आपण होतो तिथेच आहोत. ठाऊक असूनही दरवेळी फसगत का होते?

उत्तर : मुंबईकडून आलेल्या लोहमार्गाला भुसावळला दोन फाटे फुटतात, एक नागपूरकडे आणि एक खंडवा-इटारसीकडे. दोन गाड्या खिडकीला खिडकी लावून उभ्या राहण्याचे प्रसंग इथे रोजचेच. त्यामुळे तुमच्यासारखी फसगत झालेले प्रवासी भुसावळात पुष्कळ भेटतील.

आपण हलतोय की स्थिर आहोत, याची खबर मेंदूला मुख्यतः डोळे आणि आतला कान देतात. कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तोल सांभाळणारी एक इवलीशी यंत्रणा असते. तिच्यात जेलीसारख्या पातळ थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूतल्याच पदार्थाचे, सूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. गाडीने धक्का देऊन वेग घेतला की हे जड स्फटिक क्षणभर मागे रेंगाळतात, त्यांच्याखालच्या पेशींचे केसासारखे तंतू वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. पण वेग एकसारखा झाला की तंतू सरळ होतात आणि वर्दी थांबते. ताशी शंभर किलोमीटरने पळणाऱ्या गाडीत डोळे मिटून बसलात, तर वेगाबद्दल या कानाला सांगण्यासारखं काही उरत नाही. खडखडाट आणि हादरे जाणवतात, तेवढंच.

खरी मेख इथेच आहे. कान गप्प आहे, म्हणजे आपण थांबलो आहोत असं मेंदूला धरून चालता येत नाही. आपण थांबलेले असलो तरी तो गप्प, आणि गाडी अगदी हळुवार सुटली तरीही तो गप्पच. मग निकाल डोळ्यांवर येऊन पडतो. डोळ्यांसमोर तर खिडकीभर दुसऱ्या गाडीचे डबेच डबे, आणि ते सगळे एकाच दिशेने सरकताहेत. जन्मापासूनचा अनुभव असा की समोरचं सगळं दृश्य एकदम सरकलं तर बहुधा आपणच हललेले असतो. झाडं, घरं, डोंगर आपणहून चालू लागत नाहीत. शिवाय आपण सिग्नलची वाट पाहत बसलेलो असतो, म्हणून ‘सुटली!’ हा निकाल आणखी सोपा होतो.

या भासाचा कसून अभ्यास केला तो एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने. वळणावरून जाणाऱ्या रेल्वेतून बाहेरची घरं-झाडं तिरकी दिसतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्या कुतूहलातून गतीच्या जाणिवेवरचं त्याचं पुस्तक 1875 मध्ये निघालं. प्रयोगशाळेत माणसाला आतून पट्टे रंगवलेल्या फिरत्या पिंपात बसवलं, तर आधी पिंप फिरताना दिसतं. काही सेकंदांनी पिंप थांबल्यासारखं वाटतं आणि आपणच उलट्या दिशेने फिरू लागतो! 1998 मध्ये जर्मन संशोधकांनी असा भास होत असताना मेंदूची छायाचित्रं घेतली. दृष्टीच्या भागांतली हालचाल वाढली होती आणि आतल्या कानाचे संदेश घेणाऱ्या भागातली कमी झाली होती. एका साक्षीदाराचं ऐकताना मेंदू दुसऱ्याचा आवाज चक्क खाली करतो.

आपल्याकडे आर्यभटानेही हे पाहून ठेवलं होतं. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं त्याने इ.स. 499 च्या सुमारास ‘आर्यभटीया’त लिहिलं. पृथ्वीच्या फिरण्याची वर्दी आपल्या कानाला लागत नाही, तरी केवळ विचाराच्या बळावर त्याने ती ओळखली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ठाऊक असूनही फसगत होते, कारण हा निकाल लागतो तेव्हा आपल्या माहितीला कोणी विचारतच नाही. मात्र मेंदूला दुसरा पुरावा दिला तर तो लगेच मत बदलतो. पुढच्या वेळी शंका आली की डब्याच्या पलीकडच्या खिडकीतून फलाटाचा खांब बघा, किंवा शेजारच्या गाडीच्या चाकांखालची खडी बघा. भास तिथल्या तिथे मोडतो.