जागा परत मिळते

पुणे

चि. अनिकेत यास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

काल मंजूचा फोन आला होता. रविवारी तिच्याकडे जेवायला गेलास तेव्हा खोकला आला की डावी बरगडी दाबून धरत होतास म्हणे. तिनं खोदून विचारलं तर म्हणालास, "आईला सांगू नकोस, क्रूमधून काढतील." तिनं वहिनींना नाही सांगितलं, मला सांगितलं. आपल्या घरातली गुपितं कशी राहतात ते तुला ठाऊकच आहे.

अरे, बरगडी म्हणजे गंमत वाटली का? वल्हवणाऱ्यांच्या बरगडीला न पडता-झडता तडा जातो, तोच ताण पुन्हा पुन्हा बसून. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसेलच असंही नाही. काही आठवड्यांच्या विश्रांतीनं भरणारं हाड लपवाछपवीनं सगळा हंगाम खाऊन टाकतं. इंजिनिअर होणाऱ्या मुलाला हे मी सांगायचं?

किंग्ज कपच्या आंतरराज्य शर्यतीत व्हिक्टोरियाच्या बोटीत बसायचं तुझं स्वप्न मला माहीत आहे. तुझ्या नादानं मीही त्या शर्यतींचं वाचत बसतो. तू सराव करतोस त्याच यारा नदीवर 1878 साली व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांच्यात आठ वल्ह्यांची पहिली आंतरराज्य शर्यत झाली. पुढे महायुद्ध आलं आणि 1915 ते 1919 शर्यत झालीच नाही. त्या मुलांच्या जागा कोणी राखून ठेवल्या होत्या?

सिड मिडलटनचंच बघ. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला तो ऑस्ट्रेलियाच्या आठ वल्ह्यांच्या बोटीत होता. मधे चार वर्षं युद्ध. 1919 ला हेन्लीत सैन्याच्या बोटीत बसला तेव्हा पस्तिशीचा होता, आणि त्या क्रूनं अंतिम फेरीत ऑक्सफर्डला हरवलं. त्या विजयाचा, पंचम जॉर्जनं दिलेला चषक संग्रहालयात ठेवायचं घाटत होतं. वल्हवणाऱ्यांनी थेट राजाकडे अर्ज केला, की त्याच्यासाठी दरवर्षी शर्यत होऊ दे. 1920 ला ब्रिस्बेनमध्ये ती झाली आणि साउथ ऑस्ट्रेलिया जिंकलं. तुझा किंग्ज कप तो हाच.

कीथ हेरिटेज मात्र युद्धावरून परतला नाही. टास्मानिया आणि न्यू साउथ वेल्स, दोघांकडूनही वल्हवलेला गडी, 1916 मध्ये पोझिएरला पडला. खंड पडल्यानं कोणी संपत नाही अनिकेत, शरीर गेलं की संपतं. म्हणून बरगडीचं पुन्हा पुन्हा सांगतोय.

आणि खंडावरून आठवलं ते माझं. संगमावर आम्ही पहाटे वल्हवायचो तेव्हा अण्णांचं आजारपण आलं आणि माझा एक हंगाम बुडाला. माझ्या सीटवर ज्युनिअर पोरगा बसला. परत जाऊन "मला पुन्हा घेता का" एवढं विचारायची मला लाज वाटली. मग नदीवर गेलोच नाही. तुझा बाबा म्हणायचा, "जा रे, विचारून तर बघ." विचारलं असतं तर फार तर नाही म्हणाले असते. ते अजून सलतं.

रागावलो, वाईट वाटून घेऊ नकोस. बाबा असता तर तो असा ओरडला नसता, तुझ्या शेजारी बसून राहिला असता. मला तितकं जमत नाही आणि मेलबर्न लांब आहे. मंजूला सांगितलंय, ती डॉक्टरकडे सोबत येईल. आधी दाखव, मग कोचला स्वतःच्या तोंडानं सांग. खर्चाची काळजी करू नकोस, मी पाठवतो.

तू व्हिक्टोरियाकडून खेळलास तर मी तिकीट काढून येईन. नाही खेळलास तरी सुट्टीत घरी ये, काकूनं तुझ्यासाठी लसूण चटणी करून ठेवलीय. आणि वहिनींना आज रात्रीच फोन कर. त्यांना हे माझ्याकडून कळायला नको.

तुझा,
काका