तेरडा मान टाकतो तेव्हा

तेरड्याने मान टाकली की हात आपसूक पाण्याच्या झारीकडे जातो. देठ रसरशीत, पानं कोवळी, सगळा कारभार पाण्यावर चालणारा. असं झाड कोमेजलं म्हणजे पाणीच कमी पडलं, असं कुणालाही वाटेल. सुरतेजवळच्या हजिऱ्यात मी बरेच पावसाळे तेरडा लावते आहे आणि एका वर्षी ऐन श्रावणात अख्खी ओळ डोळ्यांदेखत बसताना पाहिली आहे. तेव्हापासून भेटेल त्याला सांगते, आधी मूळ बघा, मग झारी उचला. तेरडा मान टाकतो त्याला निदान पाच कारणं असतात आणि झारीभर पाणी हा त्यातल्या एकाच कारणावरचा उपाय आहे. बाकीच्या कारणांत तेवढ्याने फायदा होत नाही, काहींत तर पाण्यानेच झाड लवकर जातं.

इथे तेरड्याचा एवढा जीव का, तर गौरीसाठी. सुरतेत मराठी माणसं पुष्कळ आणि हजिऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतींतही कोकणातली, खानदेशातली बरीच घरं आहेत. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. अनुराधा नक्षत्रावर तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणायची, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. गावाकडे हा तेरडा बांधावर, विहिरीच्या कडेला आपोआप उगवतो. इथे तापीच्या मुखाशी, खाडीच्या काठावर तो लावावा लागतो. नर्सरीत गुलमेंदी किंवा बालसम म्हणून मागितला तर रोपं मिळतात, पण भाद्रपदात मुळांसकट, फुलावर आलेला तेरडा बाजारात मिळेलच याचा भरवसा नाही. त्यामुळे घरचा गेला की गौरीची पंचाईत होते.

त्या वर्षी आमच्या इमारतीतल्या तीन-चार घरांनी मिळून भिंतीकडेला ओळ लावायचं ठरवलं. रोपं एका नर्सरीतून आणली. दिसायला टवटवीत होती, पण एकेका पिशवीत चार-चार रोपं दाटीने आणि माती सतत ओली. आषाढात पाऊस धरला आणि भिंतीकडेच्या काळ्या मातीत पाणी तुंबलं. काही दिवसांनी दोन रोपं दुपारी कोमेजली, संध्याकाळी सावरली. पुढच्या आठवड्यात ती सावरेनात आणि शेजारची चार बसली. समोरच्या गुजराती वहिनी कळवळून म्हणाल्या, “भाभी, पाणी ओछुं पड्युं लागे छे.” (पाणी कमी पडलेलं दिसतंय.) मग ज्याला जमेल त्याने येता-जाता तांब्याभर पाणी घातलं. वसाहतीच्या बागेत काम करणारे काका नंदुरबारकडचे. ते तिथून जाताना थांबले आणि म्हणाले, “ताई, पाणी नका घालू. एक रोप उपटून बघा.”

उपटायला जोर लावावाच लागला नाही. मुळं पांढरी नव्हती, तपकिरी होती. काकांनी एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल सुटून बोटांत आली आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर उरली. खोड जमिनीलगत काळं, पाणचट झालेलं, दाबलं की वास येत होता. ही मूळकूज. पिथियमसारखी बुरशी ती घडवते आणि तिचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. म्हणजे आम्ही मायेने घातलेलं पाणी तिला एका रोपाकडून दुसऱ्याकडे नेत होतं. ती ओळ गेली. त्या वर्षी गौरीला दुसऱ्या घरच्या कुंड्यांतला तेरडा आणावा लागला.

मूळकूज लागलेलं रोप वाचत नाही, हे आधीच मान्य करावं. वाचवायचं ते शेजारचं. रोगट रोप आजूबाजूच्या ओंजळभर मातीसकट काढून कचऱ्यात टाकायचं, पाणी तोडायचं, चर काढून तुंबलेलं पाणी वाहतं करायचं. उरलेल्या रोपांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, ओतलं तर प्रसार रोखायला मदत होते. पण खरा उपाय लावणीआधीचा आहे. वाफा वीतभर उंच करा. काळ्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाडसर वाळू मिसळा. ती वाळू नदीची धुतलेली हवी, समुद्रकाठची चालणार नाही. शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून ओलसर ठेवा आणि आठवड्याभराने वाफ्यात घाला. दोन रोपांत वीतभर तरी अंतर ठेवा. नर्सरीतून रोप घेताना पिशवी जरा फाडून मूळ बघायला संकोचू नका. नर्सरीवाला नाही म्हणाला तर रोप घेऊ नका. मी आता मृगात घरीच बी टाकते. तेरड्याला फुलावर यायला साधारण दोन-अडीच महिने लागतात, म्हणजे गौरीचा हिशेब बरोबर जुळतो.

कास पठारावर किंवा सह्याद्रीच्या उतारांवर रानतेरडा धो धो पावसात उभा असतो, मग आपल्या बागेत तो का कुजतो, असं मला पुष्कळजण विचारतात. तिथल्या खडकावर मातीचा थर पातळ आहे आणि पाणी खळखळून पुढे जातं. तेरड्याला ओल हवी असते, पण साचलेलं पाणी नको असतं. हजिऱ्याच्या चिकण मातीत नेमकं पाणी साचतं.

मुळं पांढरी, धडधाकट दिसली आणि तरी झाड हिरवंगार असतानाच एका दिवसात लोळलं, तर जिवाणूजन्य मर असण्याची शंका घ्यावी. टोमॅटो, वांगी, मिरचीला लागते तीच ही मर. घरच्या घरी तपासायला काचेचा पेला पुरतो. खोडाचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापून स्वच्छ पाण्यात नुसता टेकवून धरायचा, हलवायचा नाही. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरू लागला, तर ती मर आहे. तिच्यावर बागेत चालण्यासारखं औषध नाही. रोप काढा, सुरी उकळत्या पाण्यात बुडवा आणि त्या मातीत पुढची काही वर्षं तेरडा, वांगी, टोमॅटो लावू नका.

तिसरं कारण आम्हाला गौरीच्या दिवशीच दिसलं. कुंडीतली रोपं मुळासकट उपटली, धुतली, आणि मुळांवर गाठीच गाठी. माझ्या सासूबाईंना ती पावलं सुजल्यासारखी वाटली आणि त्यांनी ती जुडी बाजूला काढली. त्या गाठी सूत्रकृमींच्या. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी मुळात शिरून राहतात आणि तेरडा त्यांना फार लवकर बळी पडतो. वर लक्षणं सौम्य असतात. झाड खुरटं, पानं फिकट, उन्हात जरा मलूल, फुलं बारीक. कुणाला वाटतं खत कमी पडलं. भेंडी, वांगी, टोमॅटो लावलेल्या जुन्या मातीत हा त्रास जास्त. एप्रिल-मे महिन्यात माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून पाच-सहा आठवडे ठेवलं, तर सुरतेचं ऊन निम्मं काम करतं. उरलेल्यासाठी निंबोळी पेंड.

चौथं कारण खाऱ्या पाण्याचं, आणि हे दुखणं हजिऱ्याचं खास. समुद्र आणि खाडी इतकी जवळ की बोअरच्या पाण्याला खारटपणा असतो. पावसाळ्यात तो जाणवत नाही, पण पाऊस आठ-दहा दिवस उघडला आणि बोअरचं पाणी सुरू झालं, की तेरड्याच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, मग झाड मलूल होतं. हा करपा रोग समजून औषध फवारणारे मी पाहिले आहेत. रोगाचे डाग पानावर कुठेही, ठिपक्यांनी येतात. मिठाचा मारा कडेकडेने आत सरकतो आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं धरतात. कुंडीतून गोडं पाणी भरपूर जाऊ द्या, खालचं भोक मोकळं ठेवा. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर इथे त्यासारखं दुसरं काही नाही, फक्त पिंपाला डासांसाठी जाळी बांधा.

आणि पाचवं कारण खरोखरीची तहान. दुपारी दोनला पानं लोंबतात, मुळं पांढरी असतात, बोटभर खालची माती कोरडी लागते, आणि पाणी दिल्यावर तासाभरात झाड उभं राहतं. एवढं सगळं जुळलं तरच झारी. माती ओली असून दुपारपुरती पानं लोंबत असतील तर ते उन्हाचं. थोडी सावली करा, पाणी नको.

मान टाकण्याखेरीज तेरड्याला इतरही दुखणी असतात. पानांचे रोग ओळखायला सोपे आहेत, पण त्यातल्या दोहोंत गल्लत होते. भाद्रपदात पाऊस ओसरतो, दिवसा ऊन आणि पहाटे दव पडू लागतं, तेव्हा पानांच्या वरच्या बाजूला पिठाची चिमूट सांडल्यासारखे डाग येतात. बोटाने पुसले जातात. ही भुरी, आपल्याकडच्या तेरड्यावर नेहमी दिसणारी. पहिल्या डागालाच पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर फवारलं तर आटोक्यात राहते. कडक उन्हात गंधक मारू नका आणि निंबोळी तेल फवारलं असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर पानं भाजतात.

केवडा हा रोग वेगळा. त्यात पान वरून नुसतं पिवळट दिसतं, पांढरी लव खालच्या बाजूला असते, आणि मग पानं गळून नुसत्या काड्या उभ्या राहतात. इंग्लंडमध्ये 2003 साली आणि अमेरिकेत 2011-12च्या सुमारास या रोगाने कुंड्यांमधल्या लोकप्रिय इम्पेशन्सचा, म्हणजे तेरड्याच्या तिकडच्या भावंडाचा, फडशा पाडला. तिथे लोक नाइलाजाने न्यू गिनी जातीकडे वळले, कारण ती या रोगाला दाद देत नाही. केवड्याला थंड, ओली हवा मानवते, त्यामुळे हजिऱ्याच्या उकाड्यात त्याचं भय कमी. पण महाबळेश्वर, आंबोलीकडे बाग असेल त्यांनी पान उलटून बघण्याची सवय लावून घ्यावी.

किडींपैकी मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो, त्यावर वेळ घालवू नये. पावसाची उघडीप लांबली की लाल कोळी येतो, पानं निस्तेज होऊन खाली बारीक जाळं दिसतं. त्यालाही पानांच्या खालून पाणी मारणं हा पहिला उपाय. फुलकिडे मात्र गांभीर्याने घ्या. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की सुईच्या टोकाएवढे, लांबट, चपळ किडे पळताना दिसतात. ते पाकळ्या खरवडतात आणि विषाणूही नेतात. पानांवर गोल कडी किंवा काळे डाग आणि वाढ अचानक थांबलेली दिसली तर रोप काढून टाका, विषाणूवर औषध नाही. निळे चिकट सापळे लावा आणि निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून संध्याकाळी फवारा.

एका रात्रीत पानं फस्त झाली आणि खाली मिरीएवढ्या काळ्या लेंड्या पडल्या असतील, तर देठाच्या आडोशाला नीट शोधा. बोटाएवढी गडद अळी सापडेल, शेपटीवर एक शिंग आणि दोन्ही अंगांना डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग. दिसायला भीतीदायक, पण चावत नाही की डसत नाही. मोठ्या पतंगाची ही अळी. हाताने उचलून दूर झुडपात सोडली की काम झालं, तिच्यासाठी विष आणायची गरज नाही.

युरियाबद्दल एक सांगते. कृभकोचा खतकारखाना इथेच, त्यामुळे युरिया परका वाटत नाही आणि चिमूटभर म्हणता म्हणता मूठ पडते. त्याने तेरडा भराभर वाढतो, पण लुसलुशीत होतो. मावा आणि भुरी आधी अशाच झाडावर येतात आणि फुलं कमी लागतात. शेणखत पुरतं.

विसर्जनानंतर वाफा तसाच सोडू नका. उरलेली झाडं मुळांसकट काढा, गाठी असलेली मुळं खतखड्ड्यात टाकू नका. बी धरायचं तर निरोगी झाडाचंच, आणि बोंडं तडकण्याआधी त्यांना मलमलची पुरचुंडी बांधून. मोकळ्या जागेत लगेच झेंडूची दाट लावण करा. त्याची मुळं सूत्रकृमींना मानवत नाहीत, आणि गौरीनंतर लावलेली रोपं दिवाळीच्या सुमारास फुलावर येतात. फुलं संपल्यावर ती झाडं तिथेच मातीत गाडा आणि उन्हाळ्यात प्लास्टिक ताणायच्या आधी एकदा खणून घ्या.