डोळे आले, गेले, आणि त्यानंतर

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. आळंदीत हजारोंचे डोळे आले होते. आमच्या कर्जत-खालापुरात आश्रमशाळेपासून लोकलच्या डब्यापर्यंत जो तो लाल डोळे पुसत होता. माझेही आले. चिपडं थांबली, लाली उतरली, आणि मग रात्री खोपोलीच्या रस्त्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे पसरून दिसू लागले. छापील अक्षरंही धूसर झाली.

पनवेलच्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं ते असं. अशा साथीत बहुधा अ‍ॅडिनोव्हायरस किंवा एन्टेरोव्हायरस असतो. त्यातला अ‍ॅडिनोव्हायरस कधी कधी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत पोचतो. विषाणू संपला तरी शरीराची त्याच्याशी झुंज चालू राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या पडद्यात बारीक पांढुरके ठिपके उमटतात. बहुतेकांचे ते आपोआप विरतात, पण महिने लागतात, क्वचित वर्षंही.

स्टेरॉइडच्या थेंबांनी हे ठिपके लवकर फिके पडतात, आणि माझी खरी काळजी तीच आहे. थेंब एकदम सोडले की ठिपके परततात. मनानेच चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. शिवाय प्रत्येक लाल डोळा साथीचाच असतो असं कुठे आहे? हर्पीसचा विषाणू बुबुळावर फांद्याफांद्यांची जखम करतो. आपला तर भाताचा मुलूख. कापणी-झोडणीत कुसळ लागलं की त्या जखमेत बुरशी वाढते. अशा डोळ्यात नुसतं स्टेरॉइड पडलं तर जखम खोल जाते, फूल पडतं, आणि गेलेली नजर परत मिळवायला नेत्ररोपणाची वाट पाहावी लागते.

म्हणून घरातली किंवा शेजारची उरलेली बाटली डोळ्यात घालू नका. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी ते दिलेलं नसेल, तर ती बाजूला ठेवा. मेडिकलवाला ओळखीचा असला तरीही. साध्या साथीला थंड पट्ट्या, वेगळा टॉवेल आणि सतत धुतलेले हात बहुधा पुरतात.

डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, बुबुळावर पांढरं दिसत असेल किंवा लाली जाऊनही नजर धूसर असेल, तर थांबू नका. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. तिथे डोळ्यात रंग टाकून निळ्या उजेडात जखम पाहतात. काही मिनिटांचं काम आहे. कापणीच्या घाईतही तेवढा वेळ काढाच.